मदत हवी आहे: साप्ताहिक गाडीच्या फेऱ्या वाढवायला रेकचा हिशेब कसा मांडायचा?

खोपोली_फास्ट
लोकमान्य टिळक टर्मिनसहून (एलटीटी) सुटणाऱ्या एका साप्ताहिक गाडीच्या फेऱ्या वाढवा, असं निवेदन प्रवासी संघटनेतर्फे द्यायचं आहे. गाडी सोमवारी 11:00 ला सुटून मंगळवारी 19:00 ला पोचते. मंगळवारीच 23:00 ला परत निघून गुरुवारी 7:00 ला एलटीटीला येते. पुढे सोमवारपर्यंत रेक, म्हणजे डब्यांचा पूर्ण संच, उभाच. मग त्याच रेकने गुरुवारी 11:00 ला दुसरी फेरी का होऊ नये? आणि रोज सोडायची तर रेक किती लागतील? जाणकारांनी कृपया सांगावं.

पिटलाइन
गुरुवारी 11:00 जमणार नाही. प्रवासी आणि पार्सल उतरलं की रेक यार्डात जातो, मग पिट लाइनवर (खालून तपासता यावं म्हणून खड्डा असलेला रूळ) प्राथमिक देखभाल. एवढ्यालाच साधारण 6 तास धरतात: ब्रेक, चाकं आणि बोगी खालून तपासणं, धुलाई, आतली सफाई, पाणी. ब्रेक पॉवर सर्टिफिकेट (ब्रेक नीट चालतात याचा दाखला) मिळाल्यावर रेक पुन्हा फलाटावर. दोन्ही वेळचं शंटिंग धरून 9 तासांच्या खाली हिशेब करू नका.

जाणं 32, पलीकडचा लाय ओव्हर (परत निघेपर्यंतचा थांबा) 4, येणं 32, देखभाल 9: एकूण 77 तास. तीन दिवसांचे होतात 72. या पाच तासांपायी चक्र चार दिवसांचं होतं, कारण गाडी रोज त्याच ठरल्या वेळेला सुटायला हवी.

आता चारने भागा. एका रेकचे आठवड्याला 7 दिवस, म्हणजे 1 फेरी. दोन रेकचे 14, म्हणजे 3. तीन रेकचे 21, म्हणजे 5. रोजसाठी 4 रेक. म्हणून 'रोज सोडा' यापेक्षा 'एक रेक वाढवा, गाडी आठवड्यातून तीनदा होते' ही मागणी कितीतरी वजनदार आहे.

वारही तुम्हीच सुचवा. दोन रेक आलटून-पालटून सुटतात, तेव्हा एकाच रेकच्या दोन सुटण्यांत किमान 4 दिवसांचं अंतर हवं. सोम-बुध-शुक्र बसतं: सोमवारचा रेक शुक्रवारी तयार, बुधवारचा रविवारी, शुक्रवारचा मंगळवारी. सोम-मंगळ-बुध मागितलंत तर बुधवारी रेकच नाही.

घाटमाथा
एका रेकमध्येही दुसरी फेरी बसते, फक्त ती 11:00 ची नको. दोन फेऱ्यांना 154 तास लागतात, आठवड्याचे आहेत 168. गुरुवारी 20:00 ला सोडा: शनिवारी 4:00 ला पोचेल, 8:00 ला निघून रविवारी 16:00 ला एलटीटीला. सोमवारी 11:00 पर्यंत 19 तास हातात. मात्र वेळ वेगळी म्हणून नंबर वेगळा आणि पाथही (रुळांवर गाडीसाठी राखलेली वेळ) नवा शोधावा लागेल.

त्याआधी रेक खरंच उभा आहे का ते बघा. बहुतेकदा असा रेक आरएसएमध्ये असतो, म्हणजे मधल्या दिवसांत तोच रेक दुसऱ्या एखाद्या साप्ताहिक गाडीसाठी वापरतात. त्याच टर्मिनसहून गुरुवारी सायंकाळनंतर सुटून रविवारपर्यंत परतणारी, डब्यांची रचना हुबेहूब तशीच असलेली गाडी दिसली तर शंका घ्यायला जागा आहे. मग 'रेक रिकामा आहे' हे वाक्य निवेदनात गेलं की पहिल्याच परिच्छेदात ते बाजूला पडतं.

पाथचंही तेच. सोमवारी 11:00 चा पाथ तुमचा असला तरी बुधवारी त्याच वेळेला दुसरी गाडी असू शकते. कसारा किंवा कर्जतमार्गे जायचं तर 1:37 चा चढ, तिथे मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात आणि त्यांचाही क्रम ठरलेला. सकाळी लोकलच्या गर्दीच्या वेळेत सुटण्याची मागणी तर करूच नका.

वीर_स्टेशन
निवेदनाला उदाहरण जोडायचं तर सीएसएमटी-मडगाव वंदे भारतचं जोडा. 2023 च्या वेळापत्रकात पावसाळा सोडून प्रवास 7 तास 45 मिनिटांचा: 5:25 ला निघून 13:10 ला मडगाव, 14:40 ला परत, 22:25 ला मुंबई. एकाच रेकवर आठवड्याला सहा दिवस, शुक्रवारी सुट्टी. कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकात वेग उतरला की तोच प्रवास 10 तास 5 मिनिटांचा. 15:30 ला पोचलेली गाडी त्याच दिवशी परत फिरू शकत नाही, दुसऱ्या दिवशी 12:20 ला निघते. चक्र एका दिवसाचं दोन दिवसांचं झालं आणि सहाच्या तीन फेऱ्या झाल्या. रेक तोच, मार्ग तोच.

खोपोली_फास्ट
खूप खूप धन्यवाद. मग दोन्ही पर्याय देतो: आधी सोम-बुध-शुक्र, नाहीतर गुरुवार 20:00. गुरुवारी गाडी उशिरा आली तर?

पिटलाइन
7:00 ची गाडी 11:00 ला आली तरी 20:00 ला रेक जेमतेम तयार. त्यापुढचा प्रत्येक तास सुटण्याच्या वेळेतच दिसेल. म्हणून गेल्या तीन महिन्यांत परतीची गाडी एलटीटीला प्रत्यक्ष किती वाजता आली, ते तारीखवार काढा. चार तासांहून जास्त उशीर वारंवार दिसला तर 20:00 ऐवजी 22:00 मागा. रविवारी 18:00 ला परत आली तरी सोमवारच्या आधी 17 तास उरतात. फेरी वाढवण्याला रेल्वे बोर्डाची मंजुरी लागते, तेव्हा विभागीय कार्यालयाबरोबर झोनच्या मुख्यालयालाही प्रत द्या आणि तारखांचा तक्ता दोन्हींना जोडा.