शब्दचर्चा: पोफळ आणि मिरवेल यांचं 'सहजीवन' म्हणावं का?

पोफळीखालची
प्रश्न छोटा आहे, पण चार दिवस अडकलेय. फोंड्याजवळ आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, हल्ली शाळांच्या सहली येतात, म्हणून झाडांजवळ लावायला मराठी फलक लिहितेय. एका पोफळीशी लिहिलं, 'पोफळ आणि मिरवेल यांचे सहजीवन'. सासूबाईंनी चष्मा पुसून वाचलं आणि विचारलं, "लग्न कधी झालं गो यांचं?"
हसले, पण त्यांचं चूक नाही. आपल्याकडे सहजीवन म्हटलं की पंचवीस वर्षं पूर्ण केलेलं जोडपं, हार आणि केक. शिवाय वेलीला पोफळीचा आधार मिळतो हे दिसतं, पोफळीला वेलीकडून काय मिळतं ते मला सांगता येत नाही. मग परजीवी लिहू? ते तर साफ खोटं. वेलीची मुळं खाली मातीत, वरच्या पेरांना फुटतात ती नुसती धरून ठेवायला. पोफळीचा थेंबभर रस ती घेत नाही. दुसरा शब्द सुचवा. फलक रंगवणारा सोमवारी येतोय.

दगडफूल
शब्द बदलू नका. सहजीवन हे ज्याचं भाषांतर, ती सिम्बायोसिस ही संज्ञा आंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने 1879 मध्ये मांडली, ती 'वेगवेगळ्या जातींच्या जीवांनी एकत्र जगणं' एवढ्याच अर्थाने. कोणाचा फायदा, कोणाचा तोटा, हा हिशेब त्यात नाही. त्याच्या लेखी बांडगूळ आणि आंबा हेसुद्धा सहजीवनच. माझं टोपणनाव ज्यावरून घेतलंय ते मसाल्यातलं दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. खोबऱ्याबरोबर आपण ते जोडपं रोज भाजतो.

वायंगण
'संसार' आणि 'जोडपं' तुम्हीच लिहिलंत! म्हणजे सासूबाईंचा मुद्दा सिद्ध.

शब्दनिष्ठ
एकाला फायदा आणि दुसऱ्याला ना फायदा ना तोटा, यासाठी 'सहभोजिता' हा शब्द आहे. तो वापरा आणि मोकळ्या व्हा.

वायंगण
सहभोजिता हिंदी पाठ्यपुस्तकांत दिसतो, सहोपकारिता (दोघांचाही फायदा) त्याचाच भाऊ. मराठी माणसाला सहभोजन म्हटलं की जातिभेद मोडायला एका पंगतीत बसलेले लोक आठवतात. पोफळ आणि मिरवेल कुठल्या पंगतीत बसलीत?
सहभोजिता हे ज्याचं भाषांतर, त्या 'कमेन्सॅलिझम'च्या मूळ लॅटिन शब्दात 'मेन्सा' म्हणजे टेबल आहे हे खरं. बेल्जियमच्या व्हान बेनेडेनने 1870 च्या दशकात तो प्राण्यांना लावला, दुसऱ्याच्या टेबलावर जेवणाऱ्या जीवांना. तिथे तो शोभतो. आमच्या शेतात कापणीनंतर म्हशी सोडतात, तेव्हा प्रत्येकीच्या पुढच्या पायाशी एक गायबगळा. म्हशीने पाऊल उचललं की गवतातून नाकतोडा उडतो आणि बगळ्याची मान सुटते. म्हैस गवत खाते, बगळा नाकतोडे. पंगत एक, ताटं वेगळी. पण वेल कोणाच्या ताटात जेवते?

शब्दनिष्ठ
संस्कृतातून घडलेला शब्द हिंदीने आधी वापरला म्हणून तो हिंदीचा होत नाही. या न्यायाने निम्मी मराठी परत करावी लागेल.

केवणी
सहभोजन नको, परजीवी नको, तर 'अपिवनस्पती' आहे ना? दुसऱ्या झाडावर राहणारी, पण त्याला न खाणारी. आमच्या आंब्यावर पावसाळ्याच्या तोंडाला सीतेची वेणी फुलते, ती या जातीची. लोक तिलाही बांडगूळ म्हणून ओरबाडून काढतात तेव्हा जीव तुटतो.

दगडफूल
मिरवेल जमिनीत रुजते, म्हणून ती अपिवनस्पती नव्हे, नुसती वेल. पण त्यातला 'अपि' गमतीचा आहे. पोरांना तो 'आपली'चा अपभ्रंश वाटतो. संस्कृतातला 'अपि' आणि इंग्रजी 'एपिफाइट'मधला ग्रीक 'एपि' हे सख्खे नातलग, म्हणजे भाषांतर करणाऱ्याने दूरच्या भावाला घरी आणून बसवलंय.

आबोली
तुम्ही सगळे पुस्तकात शोधताय. गोव्यात यासाठी घरचा शब्द आहे, मुंडकार. दुसऱ्याच्या भाटात, म्हणजे बागायतीत, राहायचं, पण पोट आपल्या कष्टावर भरायचं. मिरवेल म्हणजे पोफळीची मुंडकार. फलकावर लिहा, वाचणारा प्रत्येक गोंयकार थांबेल.

पोफळीखालची
आबोली, हे फारच आवडलं. लिहूनच टाकते.

मानस
लिहू नका, ताई. मी मुंडकाराच्या घरातला. माझे आजोबा भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, माडांची राखण करायचे, रात्री नारळ पडला तरी उठून जायचे. नारळ उतरवणारा पाडेली आला की नारळ मोजायला आजी. नुसता 'आधार घेऊन राहणारा' म्हणजे मुंडकार, हा अर्थ भाटकाराच्या बाल्कांवात, दारापुढच्या ओसरीत, बसून दिसणारा. 1975 च्या कायद्याने मुंडकाराला हाकलण्यापासून संरक्षण दिलं आणि घर विकत घेण्याचा हक्क दिला, तो काही दया म्हणून नाही. तुमची मिरवेल पोफळीची राखण करते का? करत असेल तर लिहा.

आबोली
मी कमीपणाने म्हटलं नव्हतं हो. उलट स्वकष्टाचं म्हटलं.

मानस
कळलं. पण शब्दात चिखल असतो, तो धुऊन निघत नाही. बांडगूळच बघा. 'समाजाला लागलेली बांडगुळं' असं भाषणात म्हटलं की टाळी. पण बांडगुळाला स्वतःची हिरवी पानं असतात, अन्न ते स्वतः करतं, आंब्याकडून पाणी आणि क्षार चोरतं. म्हणजे अर्धाच चोर.

केवणी
आणि त्या अर्ध्या चोराचा एक साथीदार आहे. फुलटोच्या, चिमणीहूनही लहान पक्षी. बांडगुळाचं फळ गिळतो, पण बी इतकं चिकट की बाहेर पडताना शेपटीखाली लटकतं. मग तो फांदीवर आडवा होऊन बूड घासतो. बी फांदीलाच चिकटतं आणि तिथेच रुजतं. पक्ष्याचं पोट भरलं, बांडगुळाला घर मिळालं, बिल आंब्याच्या नावावर. या तिघांना मिळून एक शब्द द्या बघू.

शब्दनिष्ठ
बी गुळासारखं चिकट म्हणूनच बांड'गूळ'.

दगडफूल
आणि 'बांड' म्हणजे काय मग? अशा व्युत्पत्त्या मुंज झाली की विसरायच्या असतात.

ओंबील
काजूची गोष्ट राहिली. आमच्या पेडण्याच्या काजूंवर तांबड्या मुंग्या असतात. अळीला तोंडात धरून सुईदोऱ्यासारखी फिरवतात आणि तिच्या रेशमाने पानं शिवून घर करतात. मोहोर चोखणाऱ्या ढेकण्याला त्या झाडावर टिकू देत नाहीत, म्हणून फवारणी न करणारे त्यांना जपतात. पण त्याच मुंग्या खवले कीड गायीसारखी पाळतात, तिच्या अंगातून झरणारा गोड चिकटा चाटतात, आणि ती कीड काजूचाच रस पिते. वर बोंडू काढायला गेलं की मालकालाच चावतात. राखणदार म्हणायचं की चोराचे सोबती?

मानस
तेच आमच्या आजोबांबद्दल भाटकार विचारायचा.

वायंगण
😀 पण यांना हुमले म्हणतात. ओंबील कुठला शब्द?

ओंबील
तेरेखोल नदी ओलांडून सिंधुदुर्गात गेलात की ओंबील. माझं आजोळ तिकडचं. हुमले हे तुमचं, आम्ही कधी हरकत घेतली?

वायंगण
पेडण्यातही हुमलेच म्हणतात. मी दहा वर्षं तिथे शिकवलंय.

ओंबील
शिकवलंय. चावून घेतलंय का?

शब्दनिष्ठ
मूळ प्रश्नाकडे येऊया. मी अजूनही सहभोजितेवर ठाम आहे.

पोफळीखालची
रंगारी रविवारीच येऊन गेला. ऐनवेळी मुंडकारही धरवेना आणि सहजीवनही, म्हणून 'पोफळीवर चढलेली मिरवेल' एवढंच लिहून घेतलं. खाली दोन ओळींची जागा मोकळी सोडलीय. सासूबाई म्हणतात, तिथे मिऱ्याचा भाव लिही, लोक तेच विचारतात.

ओंबील
काय चाललाय सध्या? आमच्याकडे चार किलो वाळवून ठेवलीत.