'बंगलो'ला 'बंगला' म्हणावे का?

टिपणवही
जगभरातल्या राहत्या घरांवरच्या एका लेखमालेचा अनुवाद करते आहे. लेखक घरांच्या प्रेमात पडलेला आहे आणि वाचताना मलाही ते प्रेम लागले. काम सुरळीत चालले होते, पण कॅलिफोर्नियातल्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या घरांपाशी अडले. तिथे त्यांना 'बंगलो' म्हणतात. बुटके, पसरट घर. छपराला उतार कमी, छपराची कड भिंतीच्या बरीच पुढे आलेली, वाशांची टोके मुद्दाम उघडी ठेवलेली. पुढे रुंद व्हरांडा आणि त्याला वर निमुळते होत गेलेले खांब. साध्या नोकरदारालाही परवडेल असे घर. कापून तयार केलेले लाकूड रेल्वेने मागवून लोकांनी अशी कितीतरी घरे उभी केली.

मी सरळ 'बंगला' लिहिले. कच्चा मसुदा वाचून नणंद म्हणाली, "एवढी श्रीमंत होती का गं ही माणसं?" तिचे बरोबरच आहे. मराठीत बंगला म्हटला की फाटक, माळी, मोटार हे सगळे सोबत येते. लेखकाचा मुद्दा तर उलटा आहे, की घर लहान असूनही इतके देखणे असू शकते. 'बंगला' लिहिले की हा मुद्दाच हातचा जातो. 'बंगलो' लिहिले तर आपलाच शब्द इंग्रजी उच्चारासकट परत घ्यायचा, तेही पटत नाही. सुचवा.

कडूनिंब
'बैठे घर' आहे की! माडी नसलेल्या घराला मराठीत हाच शब्द आहे आणि तो अजून जिवंत आहे. शोधायला लांब जायची गरज नाही.

सायली_व
बैठे घर म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे बैठी चाळ येते. सामाईक नळ, पत्र्याचे छप्पर. टिपणवहींना श्रीमंती टाळायची आहे, पण म्हणून थेट तिथे जायचे नाही. शिवाय 'बैठे' हा शब्द उंची सांगतो, शैली सांगत नाही. कोठारसुद्धा बैठे असते.

कडूनिंब
शैली शब्दात नसते, वर्णनात असते. 'वाडा' या शब्दात तरी चौक कुठे दिसतो? वापरून वापरून तो अर्थ त्यात मुरला. 'बैठे घर' वापरायला लागा, तोही मुरेल. आपणच आपल्या शब्दांना चाळीत कोंडले, तर ते बाहेर कसे येणार?

रेवाकाठ
या शब्दाचा प्रवास बघण्यासारखा आहे. बंगला म्हणजे बंगालचे, बंगाली पद्धतीचे. तिकडच्या झोपडीचे छप्पर बांबू वाकवून केलेले, त्यामुळे आढे मधे उंच आणि दोन्ही टोकांना खाली झुकलेले, म्हणजे पावसाचे पाणी चटकन निघून जाते. हा आकार मोगलांना इतका आवडला की त्यांनी तो दगडात आणला. आग्र्याच्या किल्ल्यात शाहजहानच्या खास महालाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी छताचे मंडप आहेत, त्यांची छपरे याच वळणाची. म्हणजे शेतकऱ्याच्या झोपडीची रेघ बादशहाच्या डोक्यावर गेली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

पुढे कंपनीच्या गोऱ्यांनी चहूबाजूंनी व्हरांडा असलेल्या एकमजली घराला हा शब्द लावला आणि तो इंग्लंडला, तिथून अमेरिकेला गेला. तिकडे लहान घर हा अर्थ टिकला. आपल्याकडे मात्र बंगल्यात कोण राहत होते? कलेक्टर. डाकबंगल्यात कोण उतरत होते? साहेब. म्हणून आपल्या शब्दाला रुबाब चिकटला. फरक घरात नव्हता, राहणाऱ्यात होता. आता आपल्याकडे 'दुमजली बंगला' म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही.

सायली_व
पण अमेरिकेतसुद्धा अर्थ ताणला गेलाच ना? कॅलिफोर्नियातल्या पॅसडीनामधले गॅम्बल हाउस, १९०८ चे, चार्ल्स आणि हेन्री ग्रीन या भावांनी केलेले. माड्या असलेले चांगले ऐसपैस घर आहे, आणि त्याच्यासारख्या घरांना 'अल्टिमेट बंगलो' म्हणतात. त्याचे फोटो मी तासन्‌तास बघत बसते. लाकडाचे सांधे लपवायच्या ऐवजी दाखवलेले, कडा हात फिरवावासा वाटेल अशा गोल केलेल्या, झोपायला वरच्या मजल्यावर उघडे व्हरांडे. त्याला 'बैठे घर' म्हणाल का, कडूनिंब?

कडूनिंब
नाही. त्याला बंगला म्हणेन, कारण तो आपल्या अर्थाने बंगलाच आहे. बाकीची बैठी घरे. दोन वस्तूंना दोन शब्द.

टिपणवही
लेखात दोन्ही एकाच कुळातली म्हणून येतात हो. त्यांना दोन शब्द दिले तर नाते तुटते.

तोवर एक लहान शंका. व्हरांड्याला ओसरी लिहू की पडवी?

दर्यावर्दी
पडवी आणि ओसरी एकच असे कोणी समजू नये. आमच्या कोकणात पडवी वेगळी, ओटी वेगळी. मुख्य छपराचा उतार तसाच पुढे खाली आणलेला असतो, त्याच्याखाली पडवी. म्हणून ती बाहेरच्या कडेला बुटकी, उंच माणसाने मान वाकवूनच आत यायचे. पावसाळ्यात झावळ्यांचे झाप लावून झड अडवायची. तिथून पायरी चढून ओटी. पाहुणा कोण आहे त्यावर तो पडवीत बसणार की ओटीवर ते ठरायचे, आणि ती आठवण सगळ्यांना सुखाची नाही. फोटोतल्या कॅलिफोर्नियाच्या घरात छप्पर पुढे उतरलेले असेल तर ती पडवी. यात चर्चेला जागाच नाही.

माणगंगा
जागा आहे. आमच्याकडे पडवी शब्द ऐकूसुद्धा येत नाही. आमच्याकडे सोपा. 'चौसोपी वाडा' हा शब्द सगळा महाराष्ट्र वापरतो, मग सोपा तेवढा गावंढळ कसा? चौकाच्या चारी बाजूंना सोपे, म्हणून चौसोपी. आमची घरं धाब्याची. तुळया, त्यावर किलचणी म्हणजे बारीक लाकडे, त्यावर पाला आणि वर पांढरी माती. पाऊसच कमी, मग उतरते छप्पर कशाला? तुमची पडवी तुमच्या पावसातून आलीय, ती सगळ्या मराठीवर लादू नका.

दर्यावर्दी
लादत नाही. पण चौकातला सोपा आत तोंड करून असतो, आणि टिपणवहींचा व्हरांडा रस्त्याकडे. जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलायची ती जागा. सोपा तिथे बसणार नाही.

माणगंगा
बिनवाड्याच्या साध्या घरालाही पुढे सोपा असतो. येऊन बघा.

पानगळ
ओसरीबद्दल. आमचे मास्तर सांगायचे की पावसाचे पाणी जिथून ओसरते ती ओसरी. लहानपणापासून मला हे पटलेले आहे. ओसरीच्या कडेला पागोळ्या गळताना बघितल्या की दुसरा अर्थ सुचतच नाही.

रेवाकाठ
ऐकायला सुंदर आहे, पण हिंदीत याच जागेला 'ओसारा' म्हणतात. म्हणजे शब्दाचे मूळ दोन्ही भाषांच्या मागे कुठेतरी असणार, एकट्या मराठी क्रियापदावर तो उभा करता येणार नाही. तसेच 'पडवी' पडण्यावरून आली असेही कोणी म्हणेल. मराठीत जुना 'पडसाळ' शब्द आहे, कन्नडमध्ये त्याच प्रकारच्या जागेला 'पडसाले' म्हणतात. शेजारणींच्या घरात डोकावल्याशिवाय व्युत्पत्ती सांगू नये.

पानगळ
ओसरणे हे क्रियापदही त्या मुळाच्या जवळचे नाही कशावरून? मी मास्तरांची व्युत्पत्ती सोडत नाही.

कडूनिंब
ओसरी, पडवी, सोपा, ओटी, पडसाळ. पाच शब्द हाताशी आहेत आणि तरी आपण 'व्हरांडा' लिहितो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सायली_व
व्हरांडा परका कसा? पोर्तुगीज लोक १४९८ मध्ये इथे आले, त्या पहिल्या सफरीच्या वृत्तांतात 'वरांदा' आहे. तो त्यांनी आणला की इथे उचलला यावर वाद झडले आहेत. इतकी शतके जो शब्द या किनाऱ्यावर आहे, त्याला अजून किती दिवस पाहुणा म्हणायचे? शाळेचा व्हरांडा, दवाखान्याचा व्हरांडा. शाळेला ओसरी असते का? ओसरीला घर लागते, घरातली माणसे लागतात. व्हरांडा कुठल्याही इमारतीला लागतो. दोन्ही शब्द हवेत.

दर्यावर्दी
हे मात्र मान्य. शाळेला पडवी कोणी म्हणत नाही.

अनाम_वाचक
जपानी घरांना 'एन्गावा' असतो. खोली आणि बाग यांच्या मधली लाकडी पट्टी, वर छपराची कड. पाय खाली सोडून बसायचे, धड आत नाही, धड बाहेर नाही. एका अनुवादात मी त्याला ओसरी म्हटले आणि वाचणाऱ्याला लगेच कळले. रचना वेगळी, बसण्याची तऱ्हा तीच. शब्द निवडताना छप्पर बघण्यापेक्षा माणूस तिथे कसा बसतो ते बघावे असे मला वाटते.

टिपणवही
हे मला फार आवडले. मग ओसरीच ठेवते. आता छपराची ती पुढे आलेली कड, तिला 'वळचण' लिहिले आहे. बरोबर ना? आणि बंगलोचे अजून ठरलेले नाही!

माणगंगा
वळचण म्हणजे कडेखालची जागा. पावसात माणूस वळचणीला उभा राहतो, कडेवर उभा राहत नाही.

पानगळ
आणि 'आढ्याचे पाणी वळचणीला' ही म्हण? पाणी छपरावरून येते ते कडेला. म्हणजे वळचण छपराचाच भाग.

माणगंगा
पाणी कडेवरून खाली जागेतच पडते ना.

दर्यावर्दी
आमच्याकडे कोयता वळचणीला खोचून ठेवतात. मोकळ्या जागेत कोयता कसा खोचणार? वासे आणि भिंत यांच्या बेचक्यात खोचतात. तेव्हा वळचण म्हणजे ना कड, ना खालची जागा. ते बेचके.

माणगंगा
तो तुमच्या कौलारू घरांचा कोयता. धाब्याच्या घराला बेचके असतेच कुठे? आणि तरी वळचण हा शब्द आमच्याकडेही आहे.

कडूनिंब
धाब्याला वळचण कशी असेल? तिथे पाणी पन्हळीतून पडते. माणगंगा, तुमच्याकडे नक्की कशाला म्हणतात ते लिहा, जमल्यास फोटोसकट.