अश्वगंधा आणि थायरॉईडची गोळी

अश्वगंधेबद्दल ‘वनस्पतीच आहे, अपाय काय होणार?’ असे म्हटले जाते; हे मत मला पटत नाही. ताण व झोपेसाठी अश्वगंधेच्या मुळांच्या अर्काचा काही आठवड्यांच्या लहान चाचण्यांत थोडाफार उपयोग दिसला आहे, हे खरे. परंतु तिच्यामुळे थायरॉईडची संप्रेरके वाढू शकतात, म्हणून ज्यांची सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची (म्हणजे थायरॉईडच्या संप्रेरकाचीच) गोळी चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अश्वगंधा सुरू करू नये. गरोदरपणात तर टाळावीच. क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर अश्वगंधा ताबडतोब थांबवून तपासणी करून घ्यावी. डबीवर मूळ लिहिले आहे की पान, हेही पाहावे, कारण आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पाने न वापरण्याची सूचना केली होती.