इंजिनच्या खर्चाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी डिप्लोमा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्टला विषय घेतलाय की इंजिनच्या डिझाइनमुळे ते बनवायचा खर्च कसा बदलतो. उदाहरण म्हणून फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन घेतलंय, १२४८ सीसीचं, कारण ते आपल्या रांजणगावला बनायचं आणि तिकडे मानेसरला सुझुकी लायसन्सवर बनवायची, म्हणजे स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो सगळ्यांत एकच डिझाइन, त्यामुळे पॅटर्न, डाय (ओतकामाचे साचे) आणि फिक्स्चर (मशीनवर पार्ट पकडून ठेवणारी साधनं) यांचा खर्च लाखो इंजिनांवर वाटला जातो एवढं मला कळलंय.

अडलंय ते पुढे. याचा ब्लॉक (ज्यात सिलिंडर असतात तो मुख्य भाग) कास्ट आयर्नचा आणि हेड (त्यावरचं झाकण) ॲल्युमिनियमचं. बाबांच्या भोसरीच्या शॉपमध्ये रोज बघते, कास्ट आयर्न बोअर केलं की काळी भुकटी पडते, हात दोनदा धुतले तरी निघत नाही, आणि ॲल्युमिनियमच्या चकचकीत चिप्स निघतात, काम भराभर होतं, टूलही जास्त टिकतं. पण ॲल्युमिनियम ब्लॉक घेतला तर बहुतेक वेळा सिलिंडरच्या आत आयर्नचे लायनर (नळीसारखं अस्तर) टाकावे लागतात आणि मटेरियलही महाग, मग शेवटी स्वस्त काय पडतं?

दुसरं, चारऐवजी तीन सिलिंडर घेतले तर एक पिस्टन, एक कनेक्टिंग रॉड, एक इंजेक्टर वाचतो, पण व्हायब्रेशन कमी करायला बॅलन्सर शाफ्ट (धक्के तोलणारा जादा फिरता दांडा) टाकला तर त्यातली किती बचत उरते?

कोणी चाकण, रांजणगावला मशीन लाइनवर काम केलेले दादा, ताई असतील तर प्लीज सांगा, सायकल टाइमचा (एका पार्टला मशीनवर लागणाऱ्या वेळेचा) अंदाज दिलात तरी खूप मदत होईल.