सिम्युलेशनच्या कोडमध्ये रँडम जनरेटर बदलता यावा का?

धागाकर्ता
आयसिंग मॉडेलचा (जाळीवर मांडलेल्या छोट्या चुंबकांचं मॉडेल) माँटे कार्लोचा, म्हणजे रँडम नंबर वापरून सिम्युलेशन करणारा, सी मधला जुना कोड आहे आमच्याकडे, रँडम नंबर जीएसएल या लायब्ररीमधून येतात आणि जनरेटरचं, म्हणजे ते नंबर काढणाऱ्या अल्गोरिदमचं, नाव कोडमध्येच पक्कं लिहिलेलं होतं, एमटी१९९३७. मागच्या आठवड्यात मी ते काढून डिफॉल्टवर टाकलं, म्हणजे आता रनच्या आधी जीएसएल_आरएनजी_टाइप हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामच्या बाहेर शेलमध्ये ठेवलेली सेटिंग) बदलला की जनरेटर बदलतो, परत कंपाइल करायला नको. ग्रुपमधले सीनियर म्हणाले चालतंय त्याला हात कशाला लावलास. पण माझं मत ठाम आहे, फायनल आकडा दोन वेगळ्या जातीच्या जनरेटरवर जुळला नाही तर तो छापूच नये. १९९२ मध्ये फेरेनबर्ग, लँडाउ आणि वाँग यांनी 2डी आयसिंगवर, जिथे नेमकं उत्तर आधीच माहीत आहे तिथे, वुल्फ अल्गोरिदम (एका दिशेच्या शेजारच्या चुंबकांचा गट, म्हणजे क्लस्टर, वाढवून तो एकदम उलटवणारा) चालवून बघितला. आर२५० हा तेव्हा चांगला समजला जाणारा जनरेटर, त्याची एनर्जी एरर बारच्या पार बाहेर गेली आणि साध्या काँग्रुएन्शियल जनरेटरची (मागच्या आकड्याला गुणून बाकी घेणारा) बरोबर आली! एकालाच धरून बसले असते तर कळलं असतं का?

प्रतिसाद १
साफ असहमत. आमच्याकडे एकाने पायथनमधला कोड नमपाय या लायब्ररीच्या नव्या डिफॉल्ट_आरएनजीवर हलवला (१.१७ पासून आलाय, आत पीसीजी६४ हा जनरेटर आहे), सीड (जनरेटरला सुरुवातीला द्यायचा आकडा) मात्र ४२ च ठेवला आणि त्याला वाटलं आकडे तेच येणार. सगळ्या टेस्ट फेल. दोन दिवस बग शोधत बसलो आणि बग नव्हताच, जनरेटर बदलला की सीडला काही अर्थ उरत नाही एवढंच. नमपायवाल्यांनी जुना जनरेटर रँडमस्टेट उगाच नाही गोठवून ठेवला, लोकांना जुने निकाल जसेच्या तसे परत काढता यावेत म्हणून ठेवलाय. आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ही तर सगळ्यात वाईट जागा, कुणाच्या तरी बॅशआरसीमध्ये (शेलच्या सेटिंगची फाइल) रॅनलक्स या हळू जनरेटरची ओळ पडून राहते, रन रखडतो आणि सहा महिन्यांनी कुठला आकडा कशावर काढला हे कुणीच सांगू शकत नाही. खात्री हवी असेल तर सीड बदलून दहा रन घ्या की.

प्रतिसाद २
बदलायचा तर रन सुरू व्हायच्या आधी, मध्येच नाही. दोन जनरेटर आलटून पालटून वापरले की जास्त रँडम होतं असं समजणारे लोक मी बघितलेत. कॉम्प्युटर शास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी तरुणपणी असाच एक बनवला होता, कुठली क्रिया करायची हे आकड्याच्या अंकांवरूनच ठरायचं, आणि तो जवळजवळ लगेच ६०६५०३८४२० या एकाच आकड्यावर जाऊन अडकला.

धागाकर्ता
मध्येच बदलायचं मी म्हणतच नाहीये. पण सीड बदलून दहा रन घ्या हे मला अजिबात पटत नाही. आर२५० मध्ये नवीन आकडा हा १०३ आणि २५० पावलं मागच्या दोन आकड्यांच्या एक्सॉरमधून (बिट-बिट ताडून, वेगळे असतील तिथे १) येतो, सीड कुठलाही द्या, ते नातं तसंच राहणार. वुल्फमध्ये क्लस्टर वाढवताना सलग आकडे लागतात, त्यामुळे ती खोड थेट क्लस्टरच्या साइजमध्ये उतरते. दहाच्या दहा रन एकाच दिशेला चुकतील आणि आपल्याला वाटेल वा, किती छान जुळतंय! राहिला नोंदीचा प्रश्न, व्हेरिएबल सेट असेल तर जीएसएल जनरेटरचं नाव स्वतःच एररच्या आउटपुटवर छापतं.

प्रतिसाद १
कॉम्प्युटरच्या क्लस्टरवर रात्रीत तीनशे जॉब जातात, एररचं आउटपुट कोण उघडून बघतं? सीडचा मुद्दा मान्य, तिथे मी घाईत बोललो. पण मग जनरेटरचं नाव इनपुट फाइलमध्ये तापमान आणि लॅटिस (जाळीच्या) साइजच्या शेजारी लिहा, नाव दिलं नसेल तर प्रोग्रामने सुरूच होऊ नये, आणि तेच नाव, सीड आणि जीएसएलचं व्हर्जन प्रत्येक डेटा फाइलच्या पहिल्या ओळीत आलं पाहिजे. एन्व्हायर्नमेंटमधून घेणार असाल तर माझा विरोध कायम.