प्रतिसाद: चेहरा नको, अक्षरं वाचा

जुन्या रोमन नाण्याचा फोटो टाकून ते कोणाचं असं विचारलंय, आणि वर एका उत्तरात म्हटलंय की चेहरा रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनसारखा आहे म्हणजे नाणं त्याचंच. इथेच फसायला होतं. त्याच्या मुलांचे चेहरेही नाण्यांवर जवळपास तसेच कोरलेत. आधी कडेची लॅटिन अक्षरं वाचा: 'एव्हीजी' असेल तर सम्राट (ऑगस्टस), 'एनओबी सी' असेल तर सीझर, म्हणजे युवराज.

मागच्या बाजूला दोन सैनिक आहेत ना? मग त्यांच्यामधले ध्वज मोजा. दोन असतील तर साधारण इ.स. 330 ते 335, एकच असेल तर त्यानंतरचं. तेव्हा वजनही घटवलं होतं, म्हणून एकध्वजी नाणं हातात चटकन हलकं लागतं. दागिन्यांचा छोटा काटा असेल तर तोलून बघाच.

सैनिकांच्या पायाखालच्या रेघेखाली टांकसाळीच्या शहराची खूण असते: 'टीआर' म्हणजे ट्रिअर, 'एसआयएस' म्हणजे सिस्किया, 'एसएमएएन' म्हणजे अँटिओक. पुढचंमागचं एखादं अक्षर बहुधा टांकसाळीतल्या कार्यशाळेचं. फोटोत नेमका हाच भाग कापला गेलाय, तो परत टाका.

आणि कृपा करून नाणं साफ करायला चिंच-लिंबू लावू नका! ती हिरवट पुटं गेली की उठावही जातो. डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवा, पाणी बदलत राहा. आठवडे लागतात.