मदत हवी आहे : भावाच्या छातीवर रात्री 'कोणीतरी बसतं'

नमस्कार. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. धाकटा भाऊ अंबडच्या एमआयडीसीत कामाला आहे, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. दीड महिन्यापासून झोपेतून अचानक जाग येते, डोळे उघडे असतात, पण हातपाय हलत नाहीत, हाक मारता येत नाही. छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटतं. दोन मिनिटांत सगळं ठीक, पण पोरगा घामाने निथळलेला असतो. आता झोपायलाच घाबरतो.

आजी म्हणते, मागच्या पिंपळावरचा मुंजा आहे. मावशीने तर एक भगतही शोधलाय. तो म्हणे 'झाड उतरवतो', म्हणजे लागलेलं भूत काढतो, आणि त्यात मारहाणही करतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा गुन्हा आहे, हे मी सांगून दमले.

मी वाचलं त्याप्रमाणे याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू स्नायू सैल सोडतो. जाग आधी आली आणि स्नायू मागे राहिले की असं होतं. अपुरी झोप, बदलत्या पाळ्या, उताणं झोपणं यांनी ते वाढतं. मला हे पटतं. पण भीती खरी आहे हो, ती मी खोटी कशी म्हणू?

कोणाला असा अनुभव आलाय का? नाशिकमध्ये आधी कोणाला दाखवावं, मेंदूविकारतज्ज्ञांना की मानसोपचारतज्ज्ञांना? आणि आजीला न दुखावता भगताला नाही कसं म्हणायचं? येत्या अमावस्येला भावाला त्याच्याकडे न्यायचं ठरतंय, म्हणून जरा लवकर सांगा.